मॉरिसच्या दोन शाखा आणि उद्यमबागेचे लेथ

बेळगावच्या कॅम्प भागात एखाद्या रविवारी सकाळी तारांच्या चाकांची, बुटकी, उघडी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार दिसते, आणि बघ्यांत हमखास एक प्रश्न निघतो : गाडी ‘ओरिजिनल’ आहे की ‘मॉडिफाय’ केलेली? इंग्लंडमध्ये या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत असेल. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ते देता येत नाही, कारण इथे गाडी टिकवणे आणि गाडीत फेरफार करणे ही दोन कामे सत्तर वर्षे एकाच हाताने, बहुधा एकाच लेथवर, म्हणजे धातू कातण्याच्या यंत्रावर, होत आली आहेत. तसे का झाले हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

सुरुवात ऑक्सफर्डमधील एका गॅरेजपासून होते. मोटार-उत्पादक विल्यम मॉरिस यांच्या ‘मॉरिस गॅरेजेस’ या विक्री-दुरुस्तीच्या व्यवसायाचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी 1920 च्या दशकात साध्या मॉरिस गाड्यांच्या सांगाड्यांवर वेगळ्या, हलक्या बॉड्या चढवायला सुरुवात केली आणि त्यातून एमजी हे नाव उभे राहिले. सर्वांत नावाजलेली ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार मुळात एका गॅरेजवाल्याने केलेला फेरफार होती, ही गोष्ट ‘अस्सलपणा’चा आग्रह धरणाऱ्यांनी सोयीस्करपणे बाजूला ठेवलेली आहे. पुढे कारखाना अ‍ॅबिंग्डनला गेला आणि तो 1980 मध्ये बंद होईपर्यंत तिथेच राहिला.

महायुद्धानंतर 1945 ते 1949 या काळात निघालेल्या एमजी टीसीच्या सुमारे दहा हजार गाड्या बनल्या, आणि सगळ्या उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या. तिचे 1250 सीसीचे इंजिन मिस्त्रीची परीक्षा पाहणारे आहे. मॉरिस यांनी 1923 मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीमधील इंजिन-कारखाना घेतला तेव्हा तिथली यंत्रे मेट्रिक मापाची होती. यंत्रे बदलण्याऐवजी आटे मेट्रिकच ठेवले गेले आणि ब्रिटिश मिस्त्रींचे पाने लागावेत म्हणून बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची केली गेली. त्यामुळे पाना व्हिटवर्थचा बसतो आणि आटा मात्र फ्रेंच निघतो. त्यातही आठ मिलीमीटर जाडीच्या बोल्टवर एक मिलीमीटर अंतराचा बारीक आटा, जो बाजारातल्या नेहमीच्या सव्वा मिलीमीटर अंतराच्या आट्याशी जुळत नाही. पाना बसला म्हणून नेहमीचा बोल्ट जोर लावून आवळला की ब्लॉकमधले आटे गेलेच. म्हणून इथले जुने टर्नर अशा गाडीचे बोल्ट सळईतून स्वतःच काढून देत. बॉडीच्या पत्र्याखाली अ‍ॅश लाकडाचा सांगाडा असे. खानापूरकडच्या पावसात तो सांध्यांजवळ कुजू लागे आणि सुतार त्याजागी सागवान घालत. सागाला अ‍ॅशची लवचिकता नाही, पण त्याला पाणी आणि वाळवी सहज लागत नाही. या हवेत तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही.

या गाड्या थोड्या काळात आणि थोड्याच आल्या. छावणीतले अधिकारी, संस्थानिक आणि सधन व्यापारी हा त्यांचा वर्ग. त्यानंतर दार बंद झाले. 1953 मध्ये सरकारच्या टॅरिफ (आयात-शुल्क) कमिशनच्या शिफारशीनुसार टप्प्याटप्प्याने देशातच सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांनाच मोटार-उत्पादनाची मुभा राहिली. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी इथली जुळणी थांबवली. आयात गाडी मिळणे दुर्मीळ झाले आणि तिचा सुटा भाग मिळणे त्याहून दुर्मीळ. त्यातच 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. या निर्णयाच्या वेदनेची चर्चा इथे करायची नाही, पण गाड्यांच्या कागदांवरही तिचा ठसा आहे : मुंबई राज्यात नोंदलेली गाडी म्हैसूरची झाली, 1973 नंतर कर्नाटकची, आणि तिचा मिस्त्री मात्र कित्येकदा निपाणीपलीकडे कोल्हापुरातच राहिला.

सुटा भाग बाहेरून येत नाही म्हटल्यावर तो जवळच्या नातेवाइकाकडून घ्यावा लागतो, आणि इथे मॉरिसची दुसरी शाखा मदतीला आली. पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याला 2014 पर्यंत तयार झालेली हिंदुस्थान अँबॅसॅडर ही मॉरिस ऑक्सफर्डचीच भारतीय आवृत्ती. इंग्लंडात ऑस्टिन आणि मॉरिस 1952 मध्ये एकत्र आल्यावर ऑस्टिनचे बी-सिरीज इंजिन दोन्ही घराण्यांत वापरले जाऊ लागले. 1955 मध्ये आलेल्या एमजीएमध्ये हेच 1489 सीसीचे इंजिन दोन एसयू बनावटीचे कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारे भाग) लावून बसवले होते, आणि थोड्याच वर्षांत तेच इंजिन एका कार्ब्युरेटरसह अँबॅसॅडरमध्ये आले. म्हणजे ज्या गाडीची बेळगावच्या रस्त्यावर टॅक्सी चालत होती, तिचे हेड पॅकिंग, पिस्टन रिंगा, बेअरिंगे आणि प्रसंगी आख्खा ब्लॉक त्या रुबाबदार एमजीएच्या कामी येऊ शकत होता. खडे बाजारच्या दुकानातून आणलेले पॅकिंग स्पोर्ट्‌स कारला बसते, यात आश्चर्य नव्हते. ते एकाच कुळातले होते. ट्रायम्फ या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या बाबतीतही थोडेफार असेच घडले. मद्रासला 1961 पासून बनलेली स्टँडर्ड हेराल्ड ही ट्रायम्फ हेराल्डच, आणि ट्रायम्फ स्पिटफायरचा सांगाडा हेराल्डवरूनच आखलेला. दोन्हींचे रेखाटन इटालियन रेखाटनकार मिकेलोत्ती यांचे. त्यामुळे स्पिटफायरचे पुढचे सस्पेन्शन हेराल्डच्या भागांवर उभे करता येई.

तरीही केवळ नातेवाइकांवर सगळे भागले नसते. या पट्ट्याचे खरे बळ ओतकामात आणि लेथकामात आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि पुढे शिरोलीत उसाच्या पाण्यासाठी लागणाऱ्या ऑइल इंजिनांवर एक पूर्ण कारागिरी वाढली. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्र्या आणि क्रँकशाफ्टची कामे उभी राहिली. पंपाच्या इंजिनाचा झिजलेला सिलिंडर रीबोअर करणाऱ्याला, म्हणजे कातून मोठा करणाऱ्याला, एमजीचा सिलिंडर परका वाटत नाही. मी पाहिलेले एक काम सांगतो. ब्लॉक इतक्यांदा रीबोअर झालेला होता की आणखी मोठे पिस्टन घालण्याइतकी भिंतच उरली नव्हती. टर्नरने भोक आणखी वाढवून त्यात ओतीव लोखंडाची स्लीव्ह, म्हणजे आतली नळी, बसवायचे ठरवले. स्लीव्ह रात्रभर बर्फात ठेवली, ब्लॉक भट्टीजवळ तापवला आणि एका दमात ती खाली सोडली. निम्म्यावर अडकली असती तर ब्लॉक भंगारात. नंतर मूळ मापावर बोअर करताना तो म्हणाला, “आता सांगा की ओ, ह्यातलं ओरिजिनल कुठलं?” प्रश्न थट्टेतला होता, तरी मला त्याचे उत्तर सुचले नाही.

त्याच इंजिनाच्या मागच्या टोकाला क्रँकवर रबरी सील नसते. सर्पिल खाच तेल फिरवून परत आत ढकलते, आणि अर्थातच थोडे तेल बाहेर पडतेच. इथल्या अनेक गाड्यांना ते टोक तासून आधुनिक ऑइल सील बसवलेले आहे. या फेरफाराविरुद्ध बोलणारा मला अजून भेटलेला नाही.

विजेचे काम त्यामानाने सोपे, पण धोक्याचे. या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. जुन्या डायनॅमोच्या जागी वीज बनवणारा आजचा अल्टरनेटर ऋण टोक बॉडीला मागतो. डायनॅमोच ठेवून दिशा बदलायची तर बॅटरी उलटी जोडून, डायनॅमोच्या ‘एफ’ टोकाची वायर काढून, बॅटरीच्या जिवंत टोकाहून घेतलेली वायर तिथे क्षणभर टेकवावी लागते. छोटीशी ठिणगी उडते आणि डायनॅमोतील चुंबकत्व फिरते. इग्निशन कॉइल आणि अँमीटरच्या वायरी अदलाबदल करायला मात्र लोक विसरतात.

इंधनाने मात्र ज्यांना काहीच बदलायचे नव्हते त्यांनाही बदलायला लावले. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळू लागले. जुन्या ओतीव हेडमध्ये व्हॉल्व्हच्या बैठकीला शिशाचे जे संरक्षण होते ते गेले आणि टणक सीट-रिंगा बसवण्याचे काम लेथवाल्यांकडे आले. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. बेळगाव आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील साखर कारखान्यांत ते तयार होते, म्हणजे आपल्याच शिवारातला ऊस टीसीच्या कार्ब्युरेटरपर्यंत पोचला. तिथे एसयूच्या जेटभोवती, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीभोवती, बुचाच्या चकत्या असतात. त्या पेट्रोलमध्ये भिजलेल्या असेपर्यंत नीट धरतात, गाडी महिनाभर उभी राहिली की सुकून आकसतात आणि गळू लागतात. जुन्या नळ्यांचे रबर इथेनॉलने मऊ पडते. मिश्रण पातळ होते, म्हणून जेटमधली पेट्रोल मोजणारी सुई कमी जाडीची निवडावी लागते आणि मग मिस्त्री रबरी नळीचे एक टोक कानाला व दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून दोन्ही कार्ब्युरेटरांचा फुसफुस आवाज जुळवतो.

या साऱ्या दीर्घ तडजोडीवर कायदा मात्र अलीकडे येऊन बसला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा फेरफार चालणार नाही असे म्हटले. जुलै 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली : नव्या नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांची मुदत, क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे, आणि रोजच्या वापराला मनाई. अट अशी की सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. सागवानी सांगाडा, स्लीव्ह घातलेला सिलिंडर, अँबॅसॅडरचा ब्लॉक यांना या अटीत कुठे बसवायचे, हा प्रश्न इथल्या गाडीमालकांना आता पडतो.

त्यामुळे एक जुनी सवय अचानक उपयोगी ठरते आहे. 1970 च्या सुमारास ब्लॉक तडकला म्हणून ज्यांनी अँबॅसॅडरचे इंजिन घातले, त्यांतील शहाण्यांनी इंजिन नंबर कोरलेला मूळ ब्लॉक भंगारवाल्याला दिला नाही. तो ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला. असा एक ब्लॉक अलीकडेच उद्यमबागेत उतरला आहे. तड्याच्या दोन्ही टोकांना भोके पाडून झाली आहेत आणि आता तो तडा पिनांनी शिवायचा आहे.