सरवा वेचणाऱ्या बाया: मिलेच्या रेखाटनांची पार्श्वभूमी

कापणी झाली, गंजी लागल्या की शेतात सांडलेली कणसं गोळा करायला गरीब बाया येत. आपल्याकडे याला सरवा वेचणं म्हणतात. फ्रान्समध्येही गावच्या गरिबांचा हा जुना हक्क होता. फ्रेंच चित्रकार ज्याँ-फ्रांस्वा मिलेने १८५७ मध्ये पॅरिसच्या सलाँ प्रदर्शनात अशाच तीन बाया मांडल्या. दोघी कमरेत पार वाकलेल्या, तिसरी अर्धवट उठलेली. डावीकडच्या बाईचा एक हात पाठीवर आहे, त्यात वेचलेल्या काड्यांची मूठ. दूर उन्हात मालकाच्या गंजी, गाडी आणि घोड्यावर बसलेला मुकादम.

त्या पाहून एका समीक्षकाला धास्ती वाटली; त्याला त्यांच्यात दारिद्र्याच्या नियतीदेवता, म्हणजे ग्रीक पुराणातल्या माणसाचं नशीब ठरवणाऱ्या तिघी, दिसल्या. या धास्तीला कारण होतं. १८४८ च्या क्रांतीने सगळ्या पुरुषांना मताधिकार दिला आणि शेतकऱ्याचं मत एकाएकी मोलाचं झालं. त्याआधी चित्रांत शेतकरी नव्हता असं नाही. मध्ययुगीन प्रार्थनापोथ्यांत तो महिन्यांची ओळख म्हणून येई, पुढे डच चित्रांत गुत्त्यात नाचताना दिसे. त्याचे कष्ट हाच चित्राचा मुख्य विषय, तोही मोठ्या आकारात, हे मात्र नवं होतं. मिलेचा ‘पेरणारा’ आणि त्याचा समकालीन चित्रकार कुर्बे याचे दगडफोडे एकाच, १८५०-५१ च्या सलाँमध्ये लागले.

मिले नॉर्मंडीतल्या ग्रुशी गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १८१४ चा. तरुणपणी घरच्या शेतात राबलेला. १८४९ मध्ये पॅरिसात कॉलऱ्याची साथ होती, तेव्हा तो कुटुंबासह बार्बिझाँ गावी गेला आणि तिथलाच झाला. समोर माणूस उभा न करता तो बरेचदा आठवणीतून काढी. ओझं उचलताना वजन कुठल्या पायावर येतं, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं.

मला त्याच्या तैलचित्रांपेक्षा काळ्या कोंते क्रेयॉनची रेखाटनं जास्त भिडतात. या कांडीमागेही इतिहास आहे. इंग्लंडशी युद्ध पेटल्यामुळे तिथलं ग्राफाइट मिळेना, म्हणून १७९५ मध्ये निकोला-जाक कोंतेने ग्राफाइटची भुकटी आणि चिकणमाती एकत्र भाजून पेन्सिलीचं शिसं बनवलं. त्याच्या नावाने ओळखली जाणारी काळी कांडी खरबरीत कागदावर दाबून फिरवली की दाट काळोख उतरतो, हलकी फिरवली की कागदाचा कण उघडा राहतो. मिले त्यातून बाईचा रुमाल, खांदा, पाठ असा एकच गोळा काढतो. डोळे बहुधा सावलीत. पायातले लाकडी जोडे तर ढेकळांतून वेगळे काढता येत नाहीत.

ही चित्रं दूरवर पोचली ती छापखान्यामुळे. शेतकामाची त्याची दहा रेखाटनं लाव्हिएयने लाकडात कोरली आणि १८५३ मध्ये ‘लिलुस्त्रासियाँ’ साप्ताहिकात छापून आली. मिले जानेवारी १८७५ मध्ये गेला. त्याच वर्षी पॅरिसात त्याच्या रेखाटनांची विक्री झाली, त्याआधीच्या प्रदर्शनात तरुण व्हॅन गॉग शिरला आणि भारावून गेला. १८८० मध्ये बेल्जियमच्या खाणपट्ट्यात चित्र शिकायला बसला तेव्हा त्याने हीच दहा शेतकामं गिरवायला घेतली.

पुढे १८८५ च्या उन्हाळ्यात, नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावी, व्हॅन गॉगने काळ्या खडूने सरवा वेचणारी एक बाई काढली. तो तिच्या मागे उभा आहे. कागदभर तिचा घोळदार घागरा आणि वाकलेली पाठ. चेहरा दिसतच नाही.