१२३ बाइट मागितले, १२४व्यात लिहिलं

कर्नलमधल्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या, एखाद्या ड्रायव्हरने मेमरीत १२३ बाइटची जागा मागितली, तर त्याच्या वाट्याला १२८ बाइटचा कप्पा येतो, कारण जागा ठरावीक मापांतच दिली जाते. आता चुकून १२४व्या बाइटमध्ये काही लिहिलं गेलं, तरी वरकरणी काहीच बिघडत नाही; उरलेल्या पाच बाइटांत ती चूक दडून राहते. तीच १२९व्यापर्यंत पोचली, की शेजारच्या कप्प्यातला भलत्याचाच डेटा खराब होतो. मशीन बंद पडतं ते नंतर कधीतरी, तिसऱ्याच ठिकाणी, आणि तिथे कितीही खोदलं तरी मूळ दोष हाती लागत नाही. हद्द ओलांडली जाते त्या क्षणीच चूक पकडायला हवी.

२०१५ साली लिनक्सच्या ४.० आवृत्तीत आलेलं केसॅन (KASAN) हे मेमरीतल्या चुका पकडणारं साधन हेच करतं. दर ८ बाइटांमागे १ बाइट ते हिशेबासाठी राखतं. ही शॅडो मेमरी. त्या बाइटमध्ये ० असेल तर आठही बाइट वापरायला मोकळे, १ ते ७ असेल तर सुरुवातीचे तेवढेच, आणि ऋण संख्या असेल तर एकही नाही. १२३ बाइटांचे १५ पूर्ण गट होऊन ३ बाइट उरतात, म्हणून सोळाव्या गटापुढे ३ ची नोंद होते. प्रत्येक वाचण्या-लिहिण्याआधी ही नोंद बघणारा कोड कंपायलरच घालतो. १२४वा बाइट त्या गटातला चौथा, परवानगी तिघांचीच: लगेच अहवाल छापला जातो. चूक कुठे झाली एवढंच नाही, जागा कुणी मागितली होती हेही त्यात असतं, आणि बहुतेक वेळा दुरुस्तीची वाट तिथेच दिसते. एरवी फक्त पहिलाच अहवाल छापला जातो. पुढचेही हवे असतील तर बूट करताना तसा पर्याय द्यावा लागतो.

याचा भार मोठा आहे. आठवा हिस्सा मेमरी जाते, वेगही बराच उतरतो, त्यामुळे केसॅन चाचणीच्या मशीनवरच शोभतं. एआरएम प्रोसेसरमधली मेमरीवर खुणा लावून तपासायची सोय हलकी आहे, पण तिथे १६ बाइटांना मिळून एकच खूण असते. ११३ ते १२८ हे बाइट एकाच गटात पडतात आणि आपला १२४वा बाइट बिनबोभाट निसटतो.

केसॅनलाही एक जागा दिसत नाही. एकाच स्ट्रक्चरमधला, म्हणजे अनेक फील्ड एकत्र बांधलेल्या रचनेतला, अ‍ॅरे ओलांडून त्याच स्ट्रक्चरच्या पुढच्या फील्डमध्ये लिहिलं, तर तो सगळा भाग शॅडोच्या दृष्टीने मोकळाच असतो. ठरावीक लांबीच्या अ‍ॅरेसाठी यूबीसॅन (UBSAN) या कर्नलमधल्याच दुसऱ्या साधनाची सीमा-तपासणी वेगळी चालू करावी लागते.