स्ट्रीक कॅमेऱ्यातील अवकाश-भाराचे प्रतिमानन

स्ट्रीक कॅमेरा अतिलघु प्रकाशस्पंदाचे इलेक्ट्रॉनांत रूपांतर करून ते पडद्यावर रेषेच्या रूपात पसरवतो; रेषेच्या लांबीवरून स्पंदाचा काळ कळतो. त्याच्या फोटोकॅथोडमधून (प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या थरातून) सुटलेले इलेक्ट्रॉन वाटेत एकमेकांना दूर ढकलतात; हाच अवकाश-भाराचा परिणाम. पुंजक्यातले पुढचे आणखी पुढे जातात, मागचे रेंगाळतात आणि पडद्यावरची रेषा मूळ प्रकाशस्पंदापेक्षा लांब उमटते. ही वाढ आधीच अजमावण्यासाठी निरनिराळी गणिती प्रतिमाने वापरतात.

कालविभेदनाची (किती जवळचे क्षण वेगळे ओळखता येतात याची) चर्चा साधारणतः झावोइस्की व फान्चेन्को यांच्या १९५० च्या दशकातील कामापासून सुरू करतात. तिच्यात भर असतो तो इलेक्ट्रॉनांच्या आरंभीच्या ऊर्जेतील तफावतीवर. कॅथोडपाशी मिलिमीटरला १० किलोव्होल्ट क्षेत्र असल्यास ०.५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या तफावतीने सुमारे ०.२४ पिकोसेकंदाचा फरक पडतो. परस्पर प्रतिसारण या हिशेबात येत नाही.

सर्वांत सोपे प्रतिमान पुंजक्याला एकसारख्या भाराची पातळ चकती मानते. ५० मायक्रोमीटर त्रिज्येच्या चकतीत १०० इलेक्ट्रॉन घेतले, तर १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या १ नॅनोसेकंद (सुमारे ६ सेंमी.) प्रवासात जाडी जवळपास २० मायक्रोमीटरने, म्हणजे ०.३५ पिकोसेकंदाने वाढते. इलेक्ट्रॉन दहापट केले की याच सूत्राने जाडी त्रिज्येच्या चौपट होते. मग चकतीचे गृहीतकच कोसळते आणि उत्तर फुगते. मुख्यतः इलेक्ट्रॉन-विवर्तनासाठी (इलेक्ट्रॉनांच्या विखुरण्यावरून पदार्थाची रचना जाणण्यासाठी) सीविक व सहकाऱ्यांनी मांडलेले सरासरी-क्षेत्र प्रतिमान (२००२), ज्यात एकेका इलेक्ट्रॉनाऐवजी सर्वांचे मिळून सलग क्षेत्र धरतात, आणि मायकलिक व साइप यांचे गाउसीय (घंटेच्या आकाराच्या भारवाटपाचे) प्रतिमान (२००६) येथे अधिक उपयोगी ठरतात.

मतभेद आहे तो भार सलग मानण्याविषयी. वरील चकतीत शेजारच्या इलेक्ट्रॉनांमधले अंतर सरासरी ९ मायक्रोमीटर भरते. अशा विरळ पुंजक्यात यादृच्छिक धक्क्यांमुळे ऊर्जा पसरते. बोर्श यांनी १९५४ मध्ये इलेक्ट्रॉन-शलाकांत नोंदवलेला परिणाम याच्या जवळचा आहे. केवळ स्पंदाची लांबी हवी असल्यास सरासरी क्षेत्र पुरते. मात्र कॅथोडलगत वेग कमी असतो आणि केंद्रीकरणाच्या छेदस्थानी (जेथे इलेक्ट्रॉनांचे मार्ग एकत्र येतात) घनता वाढते. तेथे एकेक इलेक्ट्रॉन स्वतंत्रपणे हिशेबात घेणेच भरवशाचे वाटते. १०,००० इलेक्ट्रॉनांसाठी दर टप्प्याला सुमारे ५ कोटी जोड्या तपासाव्या लागतात. दूरच्या इलेक्ट्रॉनांचा गटाने हिशेब करणाऱ्या बार्न्स-हट पद्धतीने (१९८६) हा गणनेचा बोजा बराच हलका होतो. अनेक इलेक्ट्रॉनांच्या जागी एक जड कण धरण्याची पळवाट सोयीची खरी, पण तिने टकरी कृत्रिमरीत्या तीव्र होतात. कॅथोडमधील प्रतिमा-भारही (सुटलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे तेथे निर्माण होणारा विरुद्ध भार) वगळून चालत नाही.

स्पंद २० टक्क्यांनी रुंदावणारी प्रकाशतीव्रता ही बहुधा गतिक पल्ल्याची (कॅमेरा नीट मोजू शकतो त्या तीव्रतांच्या पल्ल्याची) वरची सीमा मानली जाते. त्याखाली राहण्यासाठी दर स्पंदाला मोजकेच इलेक्ट्रॉन घेऊन अनेक नोंदींची बेरीज करतात. तेव्हा ट्रिगरमधील (कॅमेऱ्याची नोंद सुरू करणाऱ्या संकेतातील) वेळेची अस्थिरता आड येते.