किंमत ओळखा (वर्गातला खेळ)

वर्गात एखादी वस्तू दाखवायची, मुलांना तिची किंमत सांगायला लावायची आणि त्या अंदाजांवरून गणित नाहीतर अर्थशास्त्र शिकवायचं, अशी ही पद्धत. साबण, तूरडाळ, मिक्सर, काहीही चालतं. नुसतं अंदाजपंचे दाहोदरसे चाललं तर तासभर दंगा होतो एवढंच, मुलं काय शिकणार ते जिंकायचा नियम काय ठेवलाय त्यावर ठरतं, आणि नेमका त्याचाच विचार कमी केला जातो.

खेळाचं सगळ्यात ओळखीचं रूप अमेरिकन टीव्हीवरचं. 'द प्राइस इज राइट' हा शो १९५६ मध्ये एनबीसीवर आला, १९७२ पासून सीबीएसवर नव्या रूपात सुरू झाला. त्यात चार जण एकामागून एक बोली लावतात आणि खऱ्या किमतीच्या वर न जाता जो सगळ्यात जवळ तो जिंकतो. आता या 'वर न जाता'ने सगळं बदलतं. समजा पहिल्या तिघांनी ६५०, ८०० आणि ९०० डॉलर म्हटलं आणि चौथ्याला किंमत ९०० च्या वर वाटतेय, तर त्याने सरळ ९०१ म्हणावं, ९५० म्हणून फायदा शून्य, उलट ९०१ ते ९४९ मधली किंमत निघाली तर हातची जाते. म्हणजे हुशार चौथ्याकडे चारच बोली उरतात: ६५१, ८०१, ९०१ किंवा मग, तिघेही वर गेलेत असं वाटलं तर, चक्क १ डॉलर. बर्क, ह्यूसन आणि वँडेझांड या संशोधकांनी शोमधल्या खऱ्या बोल्या तपासून १९९६ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात पेपर लिहिला, त्यात शेवटचे खेळाडूसुद्धा बऱ्याचदा ही साधी युक्ती वापरत नाहीत असं दिसलं. गेम थिअरी, म्हणजे समोरच्यांच्या चाली बघून आपली चाल ठरवायचं शास्त्र, शिकवायला हा नियम भारी आहे, पण अंदाज करायला शिकवायचं असेल तर तो काढूनच टाकावा.

सहावी-सातवीला अंदाज किती टक्क्यांनी चुकला यावर विजेता ठरवणं बरं पडतं. ४० चा साबण ५० ला सांगितला तर चूक १० रुपये, ३००० चा मिक्सर ३३०० ला सांगितला तर ३०० रुपये, पण टक्क्यांत बघितलं तर साबणवाला २५ टक्के चुकला आणि मिक्सरवाला फक्त १०, आणि इथे वर्गात हमखास भांडण होतं, होऊ द्यावं. दुसरा प्रकार 'कमी की जास्त'चा, प्रत्येक अंदाजावर खरी किंमत त्याहून कमी की जास्त एवढंच सांगायचं: किंमत १ ते १००० मधली पूर्ण रुपयात असेल आणि दरवेळी उरलेल्यांतला मधला आकडा विचारला तर जास्तीत जास्त १० अंदाजांत सापडतेच, कारण २ चा दहावा घात १०२४.

अर्थशास्त्रासाठी मात्र माझ्या मते सगळ्यात जोरदार प्रयोग नाण्यांच्या बरणीचा. बेझरमन आणि सॅम्युएलसन या संशोधकांनी बोस्टनमधल्या एमबीएच्या विद्यार्थ्यांना बरण्या दाखवून लिलाव केला, निकाल १९८३ मध्ये छापले. प्रत्येक बरणीत ८ डॉलरचा माल, विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज ५.१३ डॉलर, म्हणजे कमीच, तरी जिंकणारी बोली सरासरी १०.०१ डॉलर! लिलाव जिंकतो तोच ज्याने सगळ्यात जास्त फुगवून अंदाज केलेला असतो, म्हणून जिंकूनही तोट्यात. याला विजेत्याचा शाप म्हणतात, आणि तेलाच्या खाणपट्ट्यांच्या लिलावात कंपन्यांचं असंच होतं हे १९७१ मध्येच तेल क्षेत्रातल्या तीन इंजिनिअरांनी मांडलं होतं.

आपल्याकडे हा खेळ घेताना एक अडचण येते, पाकिटावर एमआरपी छापलेली असते, त्यामुळे ज्याच्या घरचं किराणा दुकान तो पोरगा पाच मिनिटांत सगळ्यांना गुंडाळतो. त्यापेक्षा सुटा माल बरा, त्यातही कांदा. पण आधी ठरवावं लागतं की कुठली किंमत ओळखायची, शेतकऱ्याच्या हातात पडलेली, मार्केट यार्डातली की दारावरच्या गाडीवरची? लासलगावचा भाव क्विंटलमध्ये येतो, १८०० म्हटलं की किलोला १८, आणि गाडीवाला तोच ३० ला देत असेल तर मधले १२ रुपये कुठे गेले हे मुलांनाच शोधायला लावायचं: हमाली, तोलाई, गाडीभाडं, सडलेला माल, प्रत्येकाचा नफा. या एका प्रश्नावर दोन तास सहज जातात.

ब्रँडेड बूट, मोबाइल असल्या वस्तू मात्र टाळाव्यात, कारण तिथे किंमत माहीत असणं म्हणजे घरी पैसा असणं आणि ज्याला माहीत नाही तो गप्प बसतो.