जोडणी सोपी, अर्थ जुळवणे अवघड

मध्यम आकाराच्या कुठल्याही कंपनीत मागणीची नोंद एका संगणक प्रणालीत होते, मालाचा साठा दुसरीत असतो आणि हिशेब तिसरीत. या प्रणाली वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या विभागांच्या गरजेप्रमाणे घेतलेल्या असल्यामुळे त्या एकमेकींशी बोलत नाहीत. मग एका पडद्यावरचा आकडा पाहून तो दुसऱ्या पडद्यावर टाइप करणारा कर्मचारी हाच त्यांच्यातला दुवा ठरतो.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे ज्या दोन प्रणालींना गरज असेल त्या थेट जोडून टाकणे. सुरुवातीला हे उत्तम चालते. मात्र प्रत्येक प्रणाली प्रत्येकीशी जोडायची म्हटली, तर १० प्रणालींना ४५ आणि २० प्रणालींना १९० जोडण्या लागतात. प्रत्यक्षात इतक्या सगळ्या लागत नाहीत हे खरे. पण ज्या असतात त्या कोणी, कधी आणि का केल्या याचा पत्ता काही वर्षांनी कोणालाच नसतो, आणि एका प्रणालीत केलेला किरकोळ बदल भलत्याच ठिकाणी काम बंद पाडतो.

म्हणून मध्ये एक टपालखाते असावे, ही कल्पना पुढे आली. विक्रीची प्रणाली ‘अमुक मागणी आली’ एवढा संदेश एका रांगेत टाकते आणि आपल्या कामाला लागते. हिशेबाची प्रणाली त्या वेळी दुरुस्तीसाठी बंद असली, तरी संदेश रांगेत थांबून राहतो आणि ती सुरू झाली की तिला मिळतो. आयबीएमने १९९३ मध्ये आणलेली ‘एमक्यूसीरीज’ ही संदेश पोहोचवणारी प्रणाली याच तत्त्वावर चालत होती. लिंक्डइनमध्ये तयार होऊन २०११ मध्ये सर्वांसाठी खुली झालेली ‘काफ्का’ संदेश वाचल्यावरही ठरावीक काळ जपून ठेवते, त्यामुळे नव्याने आलेल्या प्रणालीला मागचे संदेशही वाचता येतात.

टपालाची एक खोड मात्र इथेही आहे. संदेश पोहोचला, पण त्याची पोच वाटेत हरवली, तर पाठवणारा तोच संदेश पुन्हा पाठवतो. ग्राहकाच्या खात्यातून दोनदा पैसे वळते होऊ नयेत, यासाठी प्रत्येक संदेशाला स्वतंत्र क्रमांक दिला जातो आणि त्या क्रमांकाचे काम आधीच झाले असेल, तर घेणारी प्रणाली दुसरी प्रत बाजूला सारते.

खरी अडचण अर्थाची आहे, आणि माझ्या मते बहुतेक प्रकल्प रखडतात ते तिथेच. विक्री विभागाच्या लेखी चौकशी करणारा प्रत्येक जण ‘ग्राहक’ असतो. हिशेब विभागाच्या लेखी ज्याच्या नावे बिल निघाले तोच. दोन्ही याद्या बिनचूक असूनही त्यांची बेरीज चुकते. ०४/०५ ही तारीख एप्रिलची की मेची, हा प्रश्नही त्याच जातीचा. सप्टेंबर १९९९ मध्ये नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ पोहोचल्यावर नष्ट झाले, कारण जमिनीवरची एक संगणक प्रणाली बलाच्या परिणामाचे आकडे पौंड-सेकंदांत देत होती आणि दुसरी ते न्यूटन-सेकंद समजून घेत होती. आकडे वेळेवर पोहोचत होते. त्यांची एककेच जुळत नव्हती.

तेव्हा प्रणाली जोडण्याआधी सर्व विभागांनी एकत्र बसून संदेशाचा मसुदा ठरवावा लागतो: त्यात कोणते रकाने असतील, एकके कोणती, तारीख कशी लिहायची. हे काम कंटाळवाणे असते आणि त्यात मानापमानही रंगतात. पण एकदा तो ठरला, की इतर प्रणालींना हिशेबाच्या प्रणालीच्या पोटात काय चालते हे माहीत असण्याची गरज उरत नाही. ती बदलायची वेळ आली, तर नवी प्रणाली जुनीच्या शेजारी उभी करून तेच संदेश दोघींना दिले जातात, महिनाअखेरीस दोघींचे ताळेबंद ओळीओळीने ताडून पाहिले जातात आणि फरक उरला नाही की जुनी बंद केली जाते. विक्री विभागाला त्याची खबरही लागत नाही.