रंग डोंगर उतरत येतात, गर्दी मात्र एकाच जागी

तोक्योहून रेल्वेने दोनेक तासांवर निक्को आहे. पानगळीचे रंग बघायला जपानभरातून आणि आता भारतातूनही लोक तिथे जातात. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुट्टीच्या दिवशी इरोहाझाका घाट गाड्यांनी तुंबतो, कारण बहुतेकांना त्याच दोन आठवड्यांत घाटमाथ्यावरचा चुझेंजी तलाव गाठायचा असतो. झाडं मात्र दीड-दोन महिने रंगत असतात, फक्त वेगवेगळ्या उंचीवर.

दर 100 मीटर चढलं की हवा सरासरी 0.6 अंश सेल्सिअसने गार होते. निक्कोचं तोशोगू देवस्थान साधारण 600 मीटरवर आहे, तलाव 1269 मीटरवर आणि त्यापलीकडचं सेन्जोगाहारा हे पाणथळ माळरान 1400 मीटरच्या आसपास. म्हणजे देवस्थान आणि माळरान यांच्या तापमानात जवळजवळ पाच अंशांचा फरक! त्यामुळे माळरानावरचं गवत सप्टेंबरच्या शेवटीच तांबूस होऊ लागतं आणि देवस्थानाजवळचे मेपल रंगायला नोव्हेंबर उजाडतो.

पानात काय घडतं, ते तर फारच सुंदर आहे. दिवस लहान आणि गार होऊ लागले की झाड हरितद्रव्य मोडतं आणि पानातलं नत्र फांद्या-मुळांकडे परत ओढून घेतं. हिरवा पडदा गेला की कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा पिवळा दिसू लागतो. तो उन्हाळाभर तिथेच होता. लाल रंगाचं तसं नाही. अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य झाड तेव्हाच नव्याने बनवतं, आणि त्यासाठी पानात साठलेली साखर आणि भरपूर ऊन लागतं. गळणाऱ्या पानावर एवढा खर्च कशासाठी? नत्र काढून घेईपर्यंत पानाला प्रखर उन्हापासून जपायला, असं अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. वाद अजून मिटलेला नाही. प्रवाशाच्या कामाचं एवढंच, की ढगाळ, पावसाळी हंगामात लाल फिका पडतो, पिवळा सहसा दगा देत नाही.

सह्याद्रीत ही उंचीची युक्ती चालत नाही. आपली पानगळ मुख्यतः पाणी आटल्यामुळे होते, थंडीमुळे नव्हे. आपल्याकडे लाल बघायचा तर वसंतातली कुसुंबाची कोवळी पालवी.

निक्कोत गर्दी टाळायची तर मी पिवळ्याच्या मागे जाईन. सेन्जोगाहाराच्या पश्चिमेला ओदाशिरोगाहारा हे छोटं माळरान आहे. तिकडच्या रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी आहे, सेन्जोगाहाराजवळच्या आकानुमा थांब्याहून बस धरायची किंवा सरळ चालत जायचं. काठाला जपानी लार्च उभे आहेत. सूचिपर्णी असूनही हे झाड दर वर्षी सगळ्या सुया गाळतं, आणि त्याआधी ऑक्टोबरच्या मध्यानंतर सुयांचे झुबके सोनेरी होतात. जवळून पाहिलं तर आखूड डहाळीच्या टोकाशी वीस-तीस सुयांची चकती दिसते, बोट लावलं तरी झडणारी.

दुसऱ्या डोंगरात जायचं असेल, तर प्रसिद्ध ठिकाणाची उंची आणि तिथला रंगाचा काळ आधी बघा. तुम्ही आठवडाभर लवकर जाणार असाल तर नकाशावर त्याच डोंगररांगेत दोन-तीनशे मीटर वरची पायवाट शोधा, उशीर झाला असेल तर तेवढीच खालची. चहूबाजूंनी डोंगर असलेल्या खोलगट जागांकडेही लक्ष असू द्या. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गार, जड हवा उतारावरून घसरून तिथे साचते, म्हणून अशा जागा आजूबाजूच्या उतारांच्याही आधी रंगू शकतात. तिथली पहाट कडाक्याची असते. हातमोजे न्याच.