हॉल रोड

हॉल रोड : उघड्या खाणीत फेसपासून (जिथे खोदाई चालते त्या कड्यापासून) क्रशर (दगड फोडणारे यंत्र), वजनकाटा किंवा ओबीच्या (कोळशावरील माती-दगडाच्या) ढिगापर्यंत डंपर धावण्यासाठी बांधलेला रस्ता. ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात कोळसा नाही. इथला खडक दख्खनचा बेसाल्ट आहे आणि राज्यातला कोळसा चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर भागातील गोंडवाना थरांत सापडतो. मात्र पारसिक डोंगराच्या कुशीतल्या तुर्भेकडील दगडखाणींत आणि विमानतळासाठी सपाट केलेल्या उलव्याच्या टेकडीवर असेच रस्ते करावे लागले. शास्त्र एकच असले तरी जमीन वेगळी असल्याने रस्ता वेगळा होतो.

सार्वजनिक रस्त्याशी याची तुलना भारावरूनच करावी. चार टायरच्या एका आसाला भारतीय रस्त्यावर 2018 पासून 11.5 टनांची मुभा आहे. कोळसा खाणीतला 100 टनी डंपर भरल्यावर सुमारे 160 टनांचा होतो आणि त्याचा दोन तृतीयांश भार एकट्या मागच्या आसावर येतो. त्यात फेस पुढे सरकला की रस्ताही हलवावा लागतो. म्हणून डांबराच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. खडी-मुरमाचा, नीट दाबलेला, रोज ग्रेडर (पात्याने रस्ता समतल करणारे यंत्र) फिरणारा रस्ताच परवडतो.

दुहेरी वाहतुकीच्या रस्त्याची रुंदी भारतीय कोळसा खाणींत सर्वांत रुंद गाडीच्या तिप्पट आणि वर 5 मीटर अशी धरतात. डंपर 6 मीटर रुंद असेल तर रस्ता 23 मीटरचा झाला. चढ साधारणपणे 16 मीटरला 1 मीटरपेक्षा तीव्र नसावा. छोट्या रॅम्पवर 10 ला 1 चालतो. वळणावर रुंदी वाढवतात आणि बाहेरची कड उचलतात.

चढाइतकीच महत्त्वाची, पण डोळ्यांना न दिसणारी गोष्ट म्हणजे पृष्ठभागाचा मऊपणा. टायर जमिनीत रुतला की डंपर सपाटीवरही चढ चढत असल्यासारखा ओढतो. हा विरोध गाडीच्या वजनाच्या टक्क्यांत मोजतात. घट्ट, कोरड्या रस्त्यावर तो 2 टक्क्यांच्या आसपास असतो आणि टायर दर सेंटिमीटर रुतला की सुमारे 0.6 टक्के वाढतो. 160 टनांच्या डंपरला 16 ला 1 चढावर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध 10 टनांचा जोर लागतो. रस्ता चांगला असेल तर त्यात 3.2 टनांची भर पडते. तोच रस्ता चिखलून विरोध 6 टक्क्यांवर गेला की भर 9.6 टनांची, म्हणजे रस्त्याने जणू दुसरा चढच उभा केला. डिझेल महागले म्हणून ड्रायव्हरला दोष देण्याआधी मुकादमाने रस्त्यावरच्या चाकोऱ्या बघाव्यात.

कोळशाचा खड्डा खाली खोल जातो, त्यामुळे भरलेला डंपर वर चढतो आणि रिकामा उतरतो. डोंगर कापून चालणाऱ्या दगडखाणीत नेमके उलटे घडते. फेस वर, क्रशर खाली. भरलेला हायवा (टिपर ट्रक) उतारावर येतो. तिथे प्रश्न इंजिनाचा नसून ब्रेकचा असतो. त्यामुळे सलग लांब उतार टाळून मधे सपाट टप्पे ठेवणे, वळण उताराच्या अगदी तळाशी न आणणे आणि दरीकडच्या कडेला मातीचा बांध घालणे याला इथे अधिक महत्त्व येते. बांधाची उंची सर्वांत मोठ्या चाकाच्या उंचीवरून ठरवतात. भरधाव डंपर त्याने थांबेलच असे नाही. चाक कडेला घासताच ते आत वळावे आणि ड्रायव्हर सावध व्हावा, एवढेच त्याचे काम. सहा मीटरपेक्षा खोल, सुरुंग लावणारी किंवा पन्नासहून अधिक माणसे राबणारी दगडखाण 2025 पर्यंत लागू असलेल्या खाण कायदा, 1952 च्या मुख्य तरतुदींतून सुटत नव्हती. त्यामुळे हे सारे केवळ मालकाच्या मर्जीवर नव्हते.

पाया ही खरी कसोटी. चंद्रपूर-वणीकडे वरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ती काढून किंवा जाड थराखाली दाबून रस्ता करावा लागतो. जमिनीची ताकद सीबीआर चाचणीने (प्रमाणित खडीच्या तुलनेत टक्क्यांत) मोजतात. ती दोन-तीन टक्केच निघाली तर मोठ्या डंपरसाठी वरचे थर मिळून दीड मीटर किंवा त्याहून जाड होतात. या थरांत ओबीतला वालुकाश्म चालतो. शेल (चिखलापासून बनलेला थरदार खडक) मात्र पाण्याने विरघळल्यासारखा सुटतो, म्हणून तो रस्त्यात वापरणे ही आत्मवंचना. सांडलेला कोळसाही रस्त्यात दाबू नये. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो.

पारसिकच्या बेसाल्टवर पायाची चिंता फारशी नाही, वर खडी-ग्रिटची समतल चादर घातली की पुरे. पण टेकडीखाली उतरून उलव्याच्या खाडीलगत गेले की सगळे बदलते. तिथला खाडीचा गाळ माणसालाही धड पेलत नाही, मग डंपर कुठून पेलणार? वरची सुकलेली साय मोडू न देता जिओटेक्स्टाइल (कृत्रिम धाग्यांचे मजबूत कापड) पसरतात; डंपर मागून दगड ओततो, डोझर तो पुढे ढकलतो आणि रस्ता स्वतःच्याच भरावावर इंच-इंच पुढे जातो. उलव्याची सुमारे 90 मीटर उंचीची टेकडी कापून निघालेला दगड अशाच सखल जमिनीच्या भरावासाठी वापरला गेला. त्या जागेवरील विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले.

पाणी काढून देणे हे कोकणपट्टीत निम्मे काम. रस्त्याला मधून कडेला दोन-तीन टक्के ढाळ, डोंगराकडे गटार आणि ठरावीक अंतरावर मोरी लागते. एवढे असूनही तीव्र उतारावर पाणी गटाराकडे न वळता चाकोरीतूनच खाली धावते, म्हणून चाकोऱ्या पुसणे हेही निचऱ्याचेच काम ठरते. पावसाळा संपला की धुळीचा प्रश्न उभा राहतो. टँकरने पाणी मारले तर ती बसते. जास्त मारले तर रस्ता निसरडा होतो आणि बारीक माती वर येते. ओलावा धरून ठेवणारे कॅल्शियम क्लोराइड कोरड्या मोसमात उपयोगी पडते, पण ते पाण्यात विरघळणारे असल्याने पहिल्या मोठ्या पावसात धुऊन जाते आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा मारावे लागते.